तमाशापट : फडावरून पडद्यावर येताना काय टिकले, काय गळाले

मराठी सिनेमाचे प्रकार मोजायला बसले तर संतपट, ऐतिहासिकपट, कौटुंबिक, विनोदी अशी यादी होते. हे प्रकार थोड्याफार फरकाने इतर भाषांतही सापडतात. तमाशापट, म्हणजे तमाशाचा फड (कलावंतांचा संच) आणि त्याच्या भोवतीची माणसे यांची गोष्ट, मात्र इथलाच. साधारण 1947 ते 1975 या काळात या प्रकाराने मराठी सिनेमाला जगवले. त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. तमाशाला जाणे ज्यांच्या घरात शोभत नसे, अशा लोकांनी, विशेषतः पांढरपेशा घरातल्या बायकांनी, तमाशा पहिल्यांदा पाहिला तो थिएटरच्या खुर्चीत बसून.

मुळात तमाशा दोन तऱ्हेचा. ढोलकी फडाच्या तमाशात गण (गणेशस्तवन), गवळण (कृष्ण आणि गवळणींची छेडछाड), बतावणी (हजरजबाबी विनोदी संवाद), मग लावण्या आणि शेवटी वग (नाट्यरूप कथा) असा क्रम असतो. साथीला ढोलकी, हलगी, तुणतुणे, कडे, झांज. संगीत बारीत वग नसतो. तिथे पेटी-तबला-ढोलकीवर बाईच गाते, तीच नाचते, आणि बैठकीत बसून अदाही करते. सिनेमाने या दोन्हींची सरमिसळ केली. फडाचा तंबू घेतला आणि बारीची लावणी घेतली. गणाला एखादे मिनिट मिळाले, गवळणीतली मावशी क्वचितच दिसली. वगाची तर गरजच उरली नाही, कारण सिनेमाची गोष्ट हाच वग झाला.

सगळ्यात जास्त बदलली ती लावणी. फडावर लावणी किती वेळ चालावी हे समोरचा प्रेक्षक ठरवतो. दौलतजादा (खूश होऊन पैसे देणे) होत राहिली की तीच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी नव्या अदेने येते, आणि ढोलकीवाला बाईच्या पायांकडे बघत लय चढवत नेतो. सिनेमातली लावणी मात्र तबकडीवर निघायची, आणि मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावतात. त्यामुळे मुखडा, दोन-तीन कडवी, मध्ये ढोलकीचा एक तुकडा आणि संपले, असा साचा पडला. गाणारी आणि नाचणारी वेगळी झाली ती इथेच. लावणीगायिका सुलोचना चव्हाण डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहायच्या आणि ठसका फक्त आवाजातून द्यायच्या. घराघरांतल्या रेडिओवर लावणी पोचली ती अशी, बाईला आणि बैठकीला बाजूला ठेवून.

सुरुवातीचा मोठा चित्रपट म्हणजे राजकमल या चित्रसंस्थेचा ‘लोकशाहीर राम जोशी’ (1947). पेशवाईतल्या सोलापूरच्या ब्राह्मण शाहिराची ही कथा; जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिका, लेखन ग. दि. माडगूळकरांचे. लगेच पुढच्या वर्षी मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. ती उठली तेव्हा वगाची संहिता आधी तपासून घेण्याची अट आली. ज्या कलेत अर्धा संवाद उभ्या उभ्या सुचतो, तिच्यापुढे कागद धरला गेला. थिएटरात लावणी चालते आणि तंबूत चालत नाही, हा विरोधाभास त्या वेळी फारसा कुणाला टोचलेला दिसत नाही.

नायक ब्राह्मण, हेही ध्यानात ठेवायला हवे. फड चालवणारे कलावंत प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी समाजांतले. पडद्यावरची गोष्ट मात्र बरेचदा फडाच्या नादी लागलेल्या प्रतिष्ठित माणसाची. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’त (1972) हे टोकाला जाते. गावाचा आदर्श मास्तर नाचणारणीच्या मोहात पडतो, गाव त्याला मेलेला समजून त्याचा पुतळा पुजते, आणि अखेर स्वतःच्याच खुनाबद्दल त्याला शिक्षा होते. त्यात फडावरची बाई आहे ती मोहाचे निमित्त म्हणून.

म्हणूनच अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (1959) वेगळा ठरतो. पुण्याच्या विजयानंद थिएटरमध्ये तो 131 आठवडे चालला, तो फक्त ‘बुगडी माझी सांडली गं’ या लावणीमुळे नव्हे. गावच्या पाटलाने केलेला अत्याचार फडावरून, भर गर्दीत सांगितला जातो. बतावणीत गावच्या बड्यांची उडवायची सवय तमाशाला पहिल्यापासून. ती इथे कथेचा कणा झाली.

1 मे 1962 पासून राज्यात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, तसा पडद्यावरचा खलनायकही बदलला. वतनदार पाटलाच्या जागी टोपीवाला सरपंच, सोसायटीचा चेअरमन, साखर कारखान्याचा संचालक दिसू लागला. ‘एक गाव बारा भानगडी’मधून (1968) पडद्यावर आलेल्या निळू फुले यांनी हा माणूस घडवला. आमच्या मते तमाशापटाचे खरे सामाजिक काम हेच: नव्या सत्तेवर गावाला हसता आले.

निर्मात्याच्या बाजूने हिशेब सोपा होता. कोल्हापुरात स्टुडिओ होते, बाहेरच्या चित्रीकरणाला आसपासची गावे होती. कृष्णधवल फिल्म, तंबूचा एकच सेट आणि चार गाणी जमली की चित्रपट उभा राहायचा. जत्रांच्या हंगामात फिरत्या तंबू-टॉकीजवर तो पुन्हा पुन्हा लागायचा. या सोपेपणानेच घात केला. कथेत कारण नसताना लावणी घुसवणे, प्रत्येक गावात एक इरसाल पाटील आणि एक फड हे इतके झाले की सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रेक्षक कंटाळला. दादा कोंडके यांनी ‘सोंगाड्या’त (1971) बाईऐवजी सोंगाड्यालाच (फडातल्या विनोदी नटाला) मधोमध आणले आणि बतावणीतला चावटपणा वेगळ्याच वाटेने नेला. 1985च्या ‘धुमधडाका’नंतर शहरी विनोदी चित्रपटांनी बाजार घेतला.

पुढे ‘नटरंग’ (2010) आला तेव्हा त्याच्या केंद्रस्थानी नाच्या होता. बायकी हावभाव करणाऱ्या या पुरुषाला जुन्या तमाशापटांनी हशापुरते वापरले होते. आनंद यादवांच्या कादंबरीमुळे त्याचे घर, त्याची तालीम आणि त्याची बेअब्रू पडद्यावर आली.

सिनेमाचा फडावरही उलट दिशेने परिणाम झाला. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. बोलणी करताना वग कोणता हे विचारले जाते, तसेच सिनेमातली गाणी किती हेही विचारले जाते. मग गण-गवळण आटोपती घेतली जाते, की-बोर्ड आणि ड्रम ढोलकीच्या शेजारी बसतात, आणि वगाला सुरुवात होईपर्यंत रात्र बरीच उलटलेली असते.