काडतुसाचे 'टोपण' शिपाई दातांनी तोडत नसत

१८५७ च्या उठावाचे वर्णन करताना शिपायांना काडतुसाचे चरबी लावलेले टोपण दातांनी काढावे लागे, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, आणि मग डोळ्यांसमोर आजचे पितळी काडतूस येते. तेव्हा शिपायांसाठी आणलेल्या नव्या एन्फिल्ड रायफलचे काडतूस मात्र पितळेचे नव्हतेच. ते कागदाच्या गुंडाळीचे होते. तिच्या एका टोकाला दारू आणि दुसऱ्या टोकाला शिशाची गोळी असे. दारूकडचे टोक दातांनी फाडून शिपाई ती नळीच्या तोंडातून आत ओतत असे, मग गुंडाळी उलटी करून गोळीचे टोक नळीत बसवी, वर उरलेला कागद तोडून टाकी आणि गजाने गोळी तळापर्यंत दाबी. ठिणगीसाठी लागणारी तांब्याची टोपी वेगळी असून ती बाहेरून निपलवर, म्हणजे ठिणगी आत नेणाऱ्या बारीक तोटीवर, बसवली जाई. 'टोपण' हा शब्द बहुधा तिथूनच आला असावा.

चरबी गोळीकडच्या टोकाला लावलेली असे, कारण खाचा असलेल्या नळीत गोळी सहज सरकावी लागे. म्हणून शिपायांचा संशय खोटा ठरतो, असे मुळीच नाही. हाताला आणि कागदाला लागलेली चरबी तोंडापर्यंत पोहोचणारच, आणि ती कोणत्या जनावराची आहे याची खात्री कोणी करून घेतलेली नव्हती. मेरठला २४ एप्रिल १८५७ रोजी ८५ स्वारांनी नाकारलेली काडतुसे तर एन्फिल्डची नव्हे, आधीपासून वापरात असलेल्या जुन्याच प्रकारची होती. तोवर विश्वासच उडाला होता.