मासिक रोजगारमापन

देशात किती लोक कामावर आहेत, किती जण कामाच्या शोधात आहेत आणि हे प्रमाण महिन्यागणिक कसे हलते, याची पाहणीतून किंवा कार्यालयीन नोंदींवरून केलेली मोजदाद. श्रमशक्ती (काम करणारे व काम शोधणारे मिळून) सहभाग दर, काम करणाऱ्यांचे लोकसंख्येशी प्रमाण आणि बेरोजगारी दर (श्रमशक्तीपैकी काम न मिळालेल्यांचे प्रमाण) ही तिची तीन प्रमुख अंगे होत. प्रस्तुत नोंदीत राष्ट्रीय आकड्यांचे स्वरूप सांगून ते नागपूर परिसराच्या संदर्भात कसे वाचावेत, याचा विचार केला आहे.

आरंभ : भारतात अशी मोजदाद केव्हापासून धरावी, याविषयी मतभेद आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मोकळ्या झालेल्या जवानांसाठी १९४५ च्या सुमारास रोजगार विनिमय केंद्रे उघडली गेली आणि पुढे ती सर्वांना खुली झाली. त्यांच्या नोंदपटावरील उमेदवारांची संख्या हाच काही अभ्यासक आरंभ मानतात. रिक्त पदे या केंद्रांना कळविणे १९५९ च्या कायद्याने सक्तीचे केले. खाजगी क्षेत्रात ही सक्ती २५ किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती होती. तथापि नाव नोंदविलेला प्रत्येक जण बेकार नसतो आणि बेकार असलेला प्रत्येक जण नाव नोंदवीत नाही. खेड्यातील शेतमजूर तर या केंद्राची पायरी क्वचितच चढला. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण २०१७ मध्ये सुरू झाले, पण त्याचे तिमाही आकडे शहरांपुरतेच होते. ग्रामीण व शहरी अशा दोन्ही भागांचे मासिक आकडे एप्रिल २०२५ पासूनचे मिळतात आणि त्यांचे पहिले वार्तापत्र मे २०२५ मध्ये निघाले. मोजमाप हा शब्द काटेकोरपणे घेतल्यास हाच आरंभ अधिक सयुक्तिक ठरतो.

संदर्भकाळाचा प्रश्न : ‘काम आहे’ असे कोणाविषयी म्हणावे, हा या विषयातील सर्वांत जुना वाद. पहिल्या पंचवार्षिक योजनांमध्ये बेकारांचा एकच ठोक आकडा देण्याची प्रथा होती. अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० च्या अहवालात ती सोडून देण्याची शिफारस केली. ज्या देशात स्वतःची शेती, घरचा धंदा, हंगामी मजुरी आणि पगारी नोकरी एकाच कुटुंबात नांदतात, तेथे बेकारी एका आकड्यात बसत नाही, असा तिचा आशय होता. त्या विचाराला अनुसरून राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २७ व्या फेरीपासून (१९७२–७३) तीन मोजपट्ट्या रूढ झाल्या. नेहमीची स्थिती मागील ३६५ दिवसांवरून ठरते. चालू साप्ताहिक स्थिती मागील सात दिवसांवरून ठरते. त्यांत कोणत्याही एका दिवशी किमान एक तास काम केलेली व्यक्ती रोजगारात धरली जाते. दैनिक स्थितीत प्रत्येक दिवस वेगळा मोजतात. चार तास किंवा अधिक काम झाल्यास पूर्ण दिवस, एक ते चार तासांस अर्धा दिवस. अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांनी याच सुमारास वेळ, उत्पन्न, कामाची तयारी आणि उत्पादकता असे बेकारीचे चार निकष वेगळे करून हा वाद आणखी पुढे नेला.

मासिक वार्तापत्रात चालू साप्ताहिक स्थिती वापरतात. या निवडीचा परिणाम नागपुरातील ठिय्यांवर स्पष्ट दिसतो. ठिय्या म्हणजे गवंडी, बिगारी, रंगारी, सुतार इत्यादी सकाळी कामाच्या प्रतीक्षेत जमतात तो चौक. आठवड्यातून एकच दिवस काम लागलेला आणि सहा दिवस डबा तसाच घरी नेणारा बिगारी साप्ताहिक मोजपट्टीने रोजगारातच गणला जातो. दैनिक मोजपट्टीने मात्र त्याचे सहा दिवस बेकारीचे भरतात. दर महिन्याला झटपट आकडा हवा तर साप्ताहिक स्थिती सोयीची, हे मान्य करावे लागते. मजुराची ओढाताण समजून घ्यायची असेल, तर दैनिक स्थितीच सत्याच्या अधिक जवळ जाते.

ऋतुमान : एप्रिल २०२५ मध्ये १५ वर्षे व त्यावरील वयोगटाचा बेरोजगारी दर ५.१ टक्के होता, तो मे महिन्यात ५.६ टक्के झाला. सहभाग दर ५५.६ वरून ५४.८ टक्क्यांवर आला. रब्बीची कापणी उरकणे आणि तीव्र उन्हाळा ही कारणे त्यामागे सांगितली गेली. नागपूरकरांना ती समजावून सांगावी लागत नाहीत. पारा ४५ अंशांकडे सरकला की बांधकामे भल्या पहाटे सुरू होऊन दुपारी थांबतात. मात्र याच मे महिन्यात भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तेंदूपाने तोडणीचे काम निघते. म्हणजे राष्ट्रीय सहभाग दर घसरत असताना शेजारच्या जिल्ह्यांत रोख मजुरी हाती पडत असते.

नागपूर जिल्ह्यातील काटोल–नरखेड भागात आंबिया बहाराची संत्री साधारणतः ऑक्टोबर–डिसेंबरात उतरतात, मृग बहाराची फेब्रुवारीपासून. कळमना बाजारातील हमालीही त्याप्रमाणे चढते-उतरते. कापूस वेचणी दिवाळीच्या आगेमागे भरात येते आणि ती बहुतांशी स्त्रियांच्या हातची असते. वेचणी संपल्यावर यांतील अनेक जणी घरकामाकडे वळतात व कामाच्या शोधात नसल्याने श्रमशक्तीतूनच वगळल्या जातात. त्यांचे काम गेलेले असते, तरी बेरोजगारी दर त्यामुळे वाढत नाही. म्हणून हा दर सहभाग दरासोबतच वाचला पाहिजे. डिसेंबरातील विधिमंडळ अधिवेशनापूर्वी रविभवन, नागभवन आणि आमदार निवासात रंगरंगोटी व दुरुस्तीची कामे निघतात, ती अल्पकाळाची.

इतर स्रोत : कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी संघटना एप्रिल २०१८ पासून नव्या सदस्यांची मासिक आकडेवारी देते, तीत सप्टेंबर २०१७ पासूनच्या नोंदी आहेत. नवे सदस्यत्व म्हणजे नवी नोकरी, असे काही अर्थतज्ज्ञांनी मानले. परंतु निधीचा कायदा सामान्यतः २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो. बुटीबोरी वा हिंगणा येथील एखाद्या कारखान्यातील कामगारसंख्या १९ वरून २० झाली, की सगळे जुने कामगारही नवे सदस्य म्हणून दिसू शकतात. त्यामुळे ही आकडेवारी रोजगारनिर्मितीपेक्षा रोजगाराच्या औपचारिकीकरणाची (असलेले काम कायदेशीर नोंदीत येण्याची) निदर्शक मानणे बरे. नोकरीच्या जाहिरातींवरून काढलेले खाजगी निर्देशांक (उदा., २००८ पासूनचा नोकरी जॉबस्पीक) मुख्यतः कार्यालयीन पदांची मागणी दर्शवितात, मिहान या नागपूरच्या विमानतळालगतच्या औद्योगिक प्रकल्पातील संगणक कंपन्यांपुरते ते उपयोगी आहेत.

जिल्हा पातळी : जानेवारी २०२५ पासून नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या नमुन्यात जिल्हा हा मूलभूत भौगोलिक घटक झाला असून देशभर २२,६९२ प्राथमिक नमुना घटकांतील (गावे व शहरी गट) २,७२,३०४ कुटुंबे निवडण्याची योजना आहे. निवडलेल्या कुटुंबाला सलग चार महिने भेट दिली जाते. मासिक अंदाज तरीही संपूर्ण देशाचेच असतात; नागपूर जिल्ह्याचा मासिक दर त्यांतून काढता येत नाही. शिवाय हे आकडे ऋतुमानाचा परिणाम वगळून दिलेले नसतात. त्यामुळे मे महिन्याची तुलना त्याच वर्षीच्या एप्रिलशी न करता आधीच्या वर्षीच्या मेशी करणे इष्ट होय. मालिका एप्रिल २०२५ पासूनची असल्याने अशा तुलनेला एप्रिल २०२६ पासूनच आधार मिळतो.