फेरीचे विक्रम आणि नियमांची कात्री

१९८५ च्या जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला केके रॉसबर्गने विल्यम्स-होंडा गाडीतून पात्रता फेरी (शर्यतीत कोण कुठून सुटणार हे ठरवणारी) मारली, ताशी सरासरी २५९ किलोमीटर वेगाने. सप्टेंबर २०२५ मध्ये मोन्झाला मॅक्स व्हरस्टॅपनने ताशी २६४.७ किलोमीटरची फेरी काढली आणि ती फॉर्म्युला वनमधली आजवरची सर्वांत वेगवान ठरली. मधल्या चाळीस वर्षांत संगणक आले, हायब्रिड इंजिनं आली, टायर बदलले, आणि फरक पडला जेमतेम सहा किलोमीटरचा. दोन्ही ट्रॅक वेगळे असल्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, हे खरं. तरी आकडा खटकतोच. तंत्रज्ञान तिथेच थांबलं होतं असं कोणी म्हणणार नाही. मग ते गेलं कुठे?

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. विक्रम म्हणजे सरळ रस्त्यावर गाठलेला वेग. १८९९ मध्ये पॅरिसजवळच्या आशेर इथे कामी जेनात्सीने ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला (१०५.८८), तोही विजेवर चालणाऱ्या गाडीतून. १९०६ मध्ये फ्रेड मॅरियटने वाफेच्या गाडीतून दोनशेचा आकडा पार केला. पेट्रोल इंजिनाची सद्दी त्यानंतरची. शर्यतीचे आणि विक्रमाचे ड्रायव्हर तेव्हा पुष्कळदा तेच असत. हेन्री सीग्रेव्हने १९२३ ची फ्रेंच ग्रां प्री जिंकली आणि १९२७ मध्ये डेटोनाच्या वाळूवर ताशी ३२७ किलोमीटर गाठले. पुढे वाटा फुटल्या. सरळ रेषेतल्या गाड्यांना जेट इंजिनं लागली, चाकं फक्त गडगडण्यापुरती उरली, आणि १९९७ मध्ये अँडी ग्रीनच्या थ्रस्ट एसएससीने ताशी १,२२८ किलोमीटरने ध्वनीचा वेगही मागे टाकला. त्या गाडीचा शर्यतीशी काहीही संबंध नव्हता.

शर्यतीचा वेग ठरतो वळणावर. गाडी वळणात किती वेगाने शिरू शकते हे टायरच्या पकडीवर अवलंबून, आणि पकड टायरवर किती भार पडतो त्यावर. गाडी जड केली तर भार वाढतो खरा, पण तेवढं वजन वळवावंही लागतं. वजन न वाढवता भार वाढवायचा, तर हवेचा दाब वापरायचा. १९६६ मध्ये टेक्सासच्या जिम हॉलने चॅपरल २ई या शर्यतीच्या गाडीवर उंच विंग, म्हणजे हवेच्या जोरावर गाडी खाली दाबणारा उलटा पंख, बसवली आणि सरळ पट्ट्यावर ती पायाने सपाट करण्याची सोय ठेवली. १९६८ मध्ये फॉर्म्युला वनमध्येही विंग आल्या, बारीक दांड्यांवर उभारलेल्या. १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या माँझुइक ट्रॅकवर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही विंग एकाच शर्यतीत मोडल्या. लगेच मोनॅकोत उंच विंगवर बंदी आली.

मग अभियंते गाडीच्या पोटाखाली शिरले. लोटस संघाच्या ‘७८’ आणि ‘७९’ या गाड्यांमध्ये दोन्ही बाजूंचा तळ उलट्या पंखासारखा होता. खालच्या निमुळत्या वाटेने हवा वेगाने जाई, तिथला दाब घटे आणि गाडी रस्त्याला चिकटे. कडेने हवा आत घुसू नये म्हणून रस्त्याला टेकणारे ‘स्कर्ट’ लावलेले. मारिओ आंद्रेत्ती त्यावर १९७८ चा विश्वविजेता झाला. त्याच वर्षी ब्रॅबम संघाचा अभियंता गॉर्डन मरे याने मागे चक्क पंखा बसवून गाडीखालची हवा उपसली. पंखा इंजिन थंड करण्यासाठी आहे, हा संघाचा युक्तिवाद होता. तो कोणाला मनापासून पटला असेल असं वाटत नाही. निकी लाउडा स्वीडनमध्ये आरामात जिंकला आणि ती गाडी पुन्हा शर्यतीत दिसलीच नाही. १९८३ पासून तळ सपाट ठेवणं सक्तीचं झालं. तळाखालच्या वाटा परत यायला २०२२ उजाडलं.

इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचंही असंच झालं. १९७७ मध्ये रेनोने दीड लिटरचं टर्बो इंजिन आणलं, तेव्हा ते सतत धूर सोडत बंद पडे. दहा वर्षांच्या आत तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून पात्रता फेरीपुरती हजाराहून जास्त हॉर्सपॉवर निघू लागली. आधी टर्बोच्या हवेच्या दाबावर मर्यादा आली, १९८९ पासून टर्बोच बाद. विल्यम्सचं अॅक्टिव्ह सस्पेन्शन (गाडीची उंची संगणकाने सांभाळणारी यंत्रणा) १९९२ मध्ये सगळ्यांना भारी पडलं. १९९४ मध्ये तेही गेलं.

जुने विक्रम इतके टिकतात ते यामुळे. १९७१ मध्ये मोन्झाला पीटर गेथिन सरासरी २४२ किलोमीटरने जिंकला. पुढच्याच वर्षी सरळ पट्ट्यांवर शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारी नागमोडी वळणं, आले आणि त्याहून वेगवान शर्यत व्हायला २००३ साल उजाडलं. फ्रान्समधल्या ले माँच्या २४ तासांच्या शर्यतीत १९७१ ला हेल्मुट मार्को (होय, पुढे रेड बुलमुळे गाजलेला तोच) आणि खाइस व्हान लेनेप यांनी पोर्शे ९१७ मधून २४ तासांत ५,३३५ किलोमीटर कापले. ते अंतर २०१० पर्यंत अबाधित राहिलं. १९८८ मध्ये तिथल्याच सरळ रस्त्यावर रॉजर डोर्शीने ताशी ४०५ किलोमीटर गाठले. १९९० ला त्या रस्त्यावर दोन शिकेन उभे राहिले. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या पात्रता फेरीत आरी लायेनडाइकची १९९६ मधली चार फेऱ्यांची ३८१ किलोमीटरची सरासरी अजून मोडलेली नाही. पहिली जागा पात्रतेच्या पहिल्याच दिवशी ठरे आणि हा वेग त्याने दुसऱ्या दिवशी काढला, त्यामुळे ती त्याला मिळालीच नाही. दुसऱ्या वर्षी तिथेही टर्बो इंजिनं हद्दपार झाली.

नियम बाजूला ठेवले तर काय होतं, हे पोर्शेने २०१८ मध्ये दाखवलं. ले माँ जिंकणाऱ्या ९१९ हायब्रिडमधून त्यांनी नियमांपायी लावलेले भाग काढले, इंधनाची मर्यादा उठवली, हालती विंग बसवली. बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर नील यानीने फॉर्म्युला वनच्या लुइस हॅमिल्टनच्या आदल्या वर्षीच्या पोल पोझिशनपेक्षा (पात्रतेतल्या सर्वांत वेगवान फेरीपेक्षा) पाऊण सेकंदाहून जास्त वेगवान फेरी काढली. जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या लांबलचक ट्रॅकवर श्टेफान बेलोफचा १९८३ चा ६ मिनिटे ११ सेकंदांचा विक्रम होता. टीमो बेर्नहार्टने तो ५ मिनिटे १९ सेकंदांवर आणला. तीच मूळ गाडी, तेच इंजिन. फक्त कोणत्याही शर्यतीत तिला प्रवेश नव्हता.

फॉर्म्युला वनच्या २०२६ च्या नियमांत पुढची आणि मागची विंग सरळ पट्ट्यावर सपाट होते आणि वळणाआधी पुन्हा उभी राहते. जिम हॉलने हे साठ वर्षांपूर्वी पायातल्या पेडलने केलं होतं.