गिअरची गाडी, बिनगिअरची गाडी आणि शिकवायचं राहून गेलेलं ड्रायव्हिंग

चारचाकीचं लायसन्स काढताना तुम्ही गिअरच्या गाडीवर परीक्षा दिली की ऑटोमॅटिकवर, याची नोंद त्या लायसन्सवर कुठेच होत नाही. दुचाकीच्या लायसन्सवर मात्र होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १० मध्ये विनागिअर मोटारसायकल आणि गिअरसह मोटारसायकल असे दोन वेगळे वर्ग आहेत. मोटारीला 'हलके मोटार वाहन' एवढा एकच वर्ग. म्हणजे फक्त स्कूटीवर लायसन्स काढलेल्या मुलीने बुलेट चालवली तर तो गुन्हा. पण नागपुरात गिरीपेठच्या आरटीओत ऑटोमॅटिक गाडीवर पास झालेला माणूस, लायसन्स हातात पडताच, काकाची जुनी गिअरवाली जीप घेऊन रामटेकला निघाला तर कायद्याची काही हरकत नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर तेवढ्याच गाड्या चालवता येतात. जपानने १९९१ मध्ये फक्त ऑटोमॅटिकपुरतं वेगळं लायसन्स सुरू केलं. आपल्याकडे हा प्रश्न कायद्यात आलाच नाही, आणि त्याचं कारण साधं आहे: १९८८ मध्ये ऑटोमॅटिक मोटार इथे जवळपास नव्हतीच. बिनगिअरच्या दुचाक्या मात्र होत्या. लुना १९७२ पासून रस्त्यावर होती, आणि १९८४ च्या भागीदारीतून किनेटिक होंडा आली होती.

गिअर लागतो कशाला, इथून सुरुवात करावी लागेल. पेट्रोलचं इंजिन ठरावीक फेऱ्यांमध्येच जोर देतं. फारच हळू फिरवलं तर बंद पडतं. चाकाला मात्र शून्यापासून शंभरापर्यंत सगळं हवं असतं. या दोघांचं जमवून द्यायला फ्रान्समध्ये पानार-लेव्हासोर कंपनीने १८९० च्या दशकात सरकत्या दात्यांची गिअरपेटी बसवली. पुढची कित्येक दशकं मोटारी त्याच धर्तीवर निघाल्या. फोर्डची १९०८ ची मॉडेल टी हा मोठा अपवाद. तिच्यात डावं पेडल दाबून धरलं की खालचा गिअर, पूर्ण सोडलं की वरचा, मधलं पेडल रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं, आणि रेस द्यायला स्टिअरिंगपाशी दांडी. आजचा पट्टीचा ड्रायव्हर तिच्यात बसवला तर पहिल्याच चौकात कुणाला तरी धडकेल.

सरकत्या दात्यांची अडचण अशी की दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरत असताना दाते एकमेकांत बसत नाहीत, खरडतात. धावत्या एसटीत चढताना माणूस आधी तिच्याबरोबर चार पावलं पळतो, तसा दोन्ही वेगांचा मेळ आधी घालावा लागतो. तो घालायची युक्ती म्हणजे डबल क्लच (क्लच हा इंजिन आणि गिअरपेटी यांना जोडणारा-सोडवणारा भाग): क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच आणि मग गिअर. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला आणि हे काम पेटीतल्या पितळी कड्या करू लागल्या. तरी पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसलेल्या गाड्या पुढे बरीच वर्षं बनत राहिल्या. म्हणून जुन्या अँबेसेडर-फियाटवर शिकलेली माणसं आजही गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकत नाहीत.

ऑटोमॅटिकही काही आजची नव्हे. जनरल मोटर्सने हायड्रा-मॅटिक ही आपोआप गिअर बदलणारी पेटी १९३९ मध्ये जाहीर केली आणि १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये विकली. क्लचच्या जागी तेलातून जोर पोचवणारा जोड. मूळ कल्पना जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर याची, १९०५ सालची. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त आणि इंजिनं दांडगी, त्यामुळे तेलात थोडी ताकद वाया गेली तरी कुणाला फिकीर नव्हती. आपल्याकडे शोरूममध्ये पाय ठेवल्यावर पहिला प्रश्न "ॲव्हरेज किती देते?" असा. तिथे ऑटोमॅटिक साठ-सत्तर वर्षं मागे पडली, यात नवल ते काय.

त्या साठ-सत्तर वर्षांत नागपुरात लोक गाडी शिकले कसे? कोलकाता-मुंबई आणि वाराणसी-कन्याकुमारी हे तेव्हाचे दोन मोठे महामार्ग या शहरात एकमेकांना छेदत, त्यामुळे इथली खरी ड्रायव्हिंग शाळा होती ट्रकची केबिन. शहरालगतच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्ट गोदामांपाशी पोरगा क्लीनर म्हणून लागायचा. ताडपत्री बांध, टायर खोल, काच पूस, मागे बघून "आन दे, आन दे" म्हण. स्टिअरिंग हातात यायला वर्षं जायची, तेही उस्तादाचा मूड असेल तेव्हा, रिकाम्या रस्त्यावर. ही पद्धत फार गोड होती असं नाही. उस्तादाची व्यसनं आणि वाईट सवयीही चेल्याकडे यायच्या. पण गिअरला हात लागण्याआधी त्या पोराने हजारो किलोमीटर रस्ता पाहिलेला असायचा. समोरच्याचा डिपर काय सांगतो, बैलगाडीला मागे लाल दिवा नसतो, पावसाच्या पहिल्या सरीत डांबर कसं निसरडं होतं, हे सगळं त्याला बाजूच्या सीटवर बसून कळलेलं असायचं.

मध्यमवर्गाकडे गाडीच नव्हती, तर शिकणार कशावर? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि चित्र पालटलं. धरमपेठ, महाल, सक्करदरा, जिकडेतिकडे मोटर ट्रेनिंग स्कूलच्या पाट्या लागल्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये अशा शाळांसाठी बरंच काही लिहिलेलं आहे. खासगी गाडीच्या प्रशिक्षणाला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास. गाडीला दुहेरी नियंत्रण हवं. वर्गात फळा, वाहतूक चिन्हांचा तक्ता, शिवाय इंजिन, गिअरपेटी, ब्रेक शू आणि ड्रम दाखवायला हवेत. कागदावर वाचलं तर शाळा खरंच चांगली वाटते.

प्रत्यक्षात ते १० तास कुठे जातात ते बघायचं तर सकाळी साडेसहाला अशी एखादी गाडी पाहावी. छतावर पाटी, समोर लाल एल, शिकणारी बाई स्टिअरिंगला दोन्ही हातांनी घट्ट धरून, नजर बॉनेटवर. शेजारी सर. त्यांच्या पायाशी जादा क्लच आणि ब्रेक. "मॅडम, क्लच हळू सोडा न. हळू. हाफवर थांबा." गाडी दोन आचके खाते, आणि तिसऱ्या वेळी सफाईने निघते, कारण या वेळी सरांनीच आपल्या बाजूचा क्लच सांभाळलेला असतो. बाईंना वाटतं, जमलं. चौकात उजवीकडे वळताना आरशात कोणी पाहिलं, इंडिकेटर कधी दिला, मागून स्कूटी घुसत होती का, हा विषयच निघत नाही. निघणार कसा? डोकं सगळं डाव्या पायात.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडे क्लच-गिअर जमणं म्हणजेच ड्रायव्हिंग येणं असं समीकरण बसलं, आणि प्रशिक्षणाचा बहुतेक वेळ त्यानेच खाल्ला. याला नियमांचाही हातभार आहे. त्याच १९८९ च्या नियमांतल्या नियम १५ मध्ये परीक्षेत काय तपासायचं याची यादी आहे. आरसा, इशारे, सिग्नल, ओव्हरटेक हे सगळं तिच्यात आहेच. पण सुरुवातीची बरीच कलमं गिअरची: हळूहळू टॉप गिअरपर्यंत जाणं, रहदारी पाहून पटकन खालचा टाकणं, उतारावर खालचा टाकणं, तीव्र चढावर थांबून मागे न सरकता पुन्हा निघणं. सपाट नागपुरात हा शेवटचा प्रकार सेमिनरी हिल्स सोडली तर उड्डाणपुलांवरच अनुभवायला मिळतो. संध्याकाळी पुलाच्या चढावर रांग थांबली की कोणती गाडी नवशिक्याची आहे हे मागच्याला बरोबर कळतं. तो आपोआप चार हात अंतर ठेवतो.

मग फेब्रुवारी २०१४ च्या ऑटो एक्स्पोत मारुतीने सेलेरिओ आणली. तिच्यातली एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) ही तशी नवी पेटी नव्हेच. पेटी तीच, क्लचही तोच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम संगणकाच्या हुकुमाने एक यंत्रणा करते. तेलाचा जोड नाही, म्हणून ॲव्हरेज पडत नाही, आणि किंमतही आवाक्यात. आपल्या पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळालं. आधीच्या ऑटोमॅटिक गाड्या हौसेच्या होत्या. ही गुडघे दुखणाऱ्या निवृत्त माणसाची, मेच्या ४५ अंशात सीताबर्डीत अडकलेल्या नोकरदाराची आणि क्लचच्या धास्तीने लायसन्स कपाटात ठेवून दिलेल्या कितीतरी बायकांची गाडी झाली. डावा पाय अधू असलेल्यांसाठी तर हा फरक गाडी चालवता येणं आणि न येणं यांतला.

गिअर गेला तेव्हा उरलेलं ड्रायव्हिंग उघडं पडलं. ॲक्टिव्हाच्या पिढीला बिनगिअरचं वाहन म्हणजे 'बसा आणि निघा' अशी सवय आहेच. मोटारीत तेच करायला जावं तर पहिला घोळ पायांचा होतो. ऑटोमॅटिकमध्ये फक्त उजवा पाय वापरायचा. डावा बाजूला आरामात ठेवायचा. नवखा माणूस एक पाय ब्रेकवर, एक ॲक्सिलरेटरवर ठेवतो, आणि घाबरला की दोन्ही दाबतो, किंवा चुकीचा एकच. गिअरच्या गाडीत घाबरलेला नवशिक्या क्लच एकदम सोडतो आणि गाडी बंद पडते. चूक तिथेच संपते. ऑटोमॅटिक बंद पडत नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात ऑडी ५००० गाड्या आपोआप सुसाट सुटतात अशी ओरड झाली, विक्री कोसळली. तिथल्या सरकारी वाहतूक सुरक्षा संस्थेने १९८९ मध्ये निष्कर्ष काढला की बहुतांशी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला गेला होता. ब्रेक दाबल्याशिवाय पार्कमधून गिअर हलत नाही, ही आजची सोय त्याच प्रकरणानंतर रुळली.

दुसरी गोष्ट उताराची, आणि ती नागपूरकरांना उन्हाळ्यात हमखास भेटते. चिखलदरा किंवा पचमढीहून उतरताना दांडी 'डी'वर, म्हणजे पुढे जायच्या नेहमीच्या खुणेवर, ठेवून अखंड ब्रेकवर पाय. खाली येईपर्यंत पॅड तापतात, जळका वास येतो, पेडल कमी धरू लागतं. दांडीवर एम किंवा एल अशी खूण दिलेली असते ती याचसाठी: गाडी खालच्या गिअरात ठेवायची आणि वेग इंजिनाला आवरू द्यायचा. मॅन्युअलवाल्याला हे निदान कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि नियम १५ मध्ये तर ते लिहिलेलंच आहे. ऑटोमॅटिक घेणाऱ्याला सांगणारं कोणी नाही, कारण शोरूममधल्या पोराने त्याला "काही करायचंच नाही सर, फक्त डी" असं सांगून चावी दिलेली असते.

लोक मरतात ते मात्र यापैकी कशानेच फारसे नाही. केंद्राच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात मांडले गेले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. शिवमडक्याला आत शिरलं की टॉप गिअर, आणि मग दोन-दोन तास गिअरला हात लावायची गरज नाही. मॅन्युअल काय, ऑटोमॅटिक काय, सारखंच. तिथे लागणारं कौशल्य वेगळं आहे: टायरमधली हवा आणि टायरचं वय, लेन सोडण्याआधी आरसा, झापड येण्याआधी थांबणं, १२० च्या वेगाला पुढच्या गाडीपासून किती अंतर. यातलं काहीही साडेसहाच्या त्या गाडीत शिकवलं जात नाही. २०२३ मध्ये आरटीओची माणसं प्रवेशाशी टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवू लागली, तेव्हा बऱ्याच चालकांनी आपले टायर पहिल्यांदाच वाकून पाहिले असावेत.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने, ज्याचे मंत्री नितीन गडकरी नागपूरचेच खासदार, १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू केले. हलक्या वाहनाला जास्तीत जास्त चार आठवड्यांत २९ तास: ८ वर्गात, २१ प्रत्यक्ष, त्यात गावचे रस्ते, महामार्ग, शहर, रिव्हर्स-पार्किंग, चढ-उतार सगळं. सिम्युलेटर आणि स्वतःचा चाचणी ट्रॅक हवा. इथे पास झालेल्याला आरटीओत पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागत नाही. प्रत्यक्ष चालवण्याच्या १० तासांवरून २१ वर जाणं ही मोठी उडी आहे, पण अशी केंद्रं उभारणं खर्चाचं काम. गल्लीतल्या शाळेची फी आणि वेळ बघणारा माणूस तिकडे आपणहून वळेल असं मला वाटत नाही, जोवर लायसन्स दोन्हीकडून सारखंच मिळतं.

दरम्यान गिअरपेटीच नाहीशी व्हायला लागली आहे. मे २०१७ मध्ये ओलाने नागपुरात विजेच्या टॅक्सी उतरवल्या, त्यात महिंद्राच्या ई-टू-ओ प्लस होत्या. त्यांना बदलायला गिअर नाही, क्लच नाही. विजेची मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण जोर देते, त्यामुळे पेटी लागत नाही, आणि त्याचमुळे सिग्नल सुटल्यावर पायाचा अंदाज चुकला तर गाडी पुढच्याच्या डिकीपाशी. पाय उचलला की बहुतेक विजेच्या गाड्या वीज परत बॅटरीत भरत वेग कमी करतात. तो किती कमी होतो, उतारावर त्याचा उपयोग कसा करायचा, बॅटरी पूर्ण भरलेली असेल तेव्हा तो का कमी पडतो, हे कुणीतरी शेजारी बसून शिकवायला लागेल. शेजारच्या सीटवर सर अजून आहेत. त्यांच्या पायाशी आता फक्त ब्रेक उरला आहे.