झुंबर: आधी छत, मग काच

जालन्यात, लातुरात किंवा छत्रपती संभाजीनगरात नवं हॉटेल, बंगला, मंगल कार्यालय उभं राहतं तेव्हा झुंबराचा विषय बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी निघतो. पीओपी झालेलं असतं, रंगाचा पहिला हात मारून झालेला असतो, आणि मग मालक मोबाइल पुढे करतात, "हे असलं पाहिजे. पण इम्पोर्टेड आहे ना?" आर्किटेक्ट आणि मालकांसाठी झुंबरं शोधायची, मागवायची आणि नीट टांगून द्यायची हे माझं रोजचं काम. त्यामुळे हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे. त्याचं मूळ शोधत गेलं की माणूस निजामाच्या दरबारात जाऊन पोचतो.

मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. थाट कसा असावा याचा नमुना आमच्याकडे पुण्याहून नव्हे, हैदराबादहून यायचा. तिथल्या चौमहल्ला राजवाड्यातल्या खिलवत दरबारात बेल्जियमच्या काचेची 19 झुंबरं आहेत. दरबारी जाऊन आलेल्या जहागीरदाराला आपल्या दिवाणखान्यातल्या समया अपुऱ्या वाटू लागल्या असतील तर नवल नाही. मग ऐपतीप्रमाणे कुणाकडे झुंबर आलं, कुणाकडे नुसत्या दिव्यावरच्या रंगीत काचेच्या हंड्या. 'बेल्जियम' हा शब्द मात्र सगळ्यांच्याच तोंडी बसला. आजही जुन्या वाड्यातली कुठलीही काच दाखवा, आरसा असो की हंडी, सांगणारा ती बेल्जियमचीच सांगतो. प्रत्यक्षात हिंदुस्थानातल्या संस्थानिकांना मोठी झुंबरं पुरवणारं एक मोठं नाव इंग्रजांचं होतं. बर्मिंगहॅमची ऑस्लर कंपनी 1807 ची. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात 27 फूट उंचीचं, चार टन काचेचं कारंजं उभारणारी ती हीच, आणि त्याच्याही आधी, 1840 च्या दशकात, तिने कोलकात्यात आपलं दुकान मांडलं होतं.

युरोपातला आधीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो कुठेही वाचायला मिळतो. व्हेनिसने 1291 मध्ये आगीच्या भीतीने काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. 1674 मध्ये इंग्लंडात जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने शिसं घातलेल्या काचेचं पेटंट घेतलं. ही काच कापायला मऊ आणि उजेडाला उदार, म्हणून झुंबर चमकू लागलं. बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेकियातले, कारागीर अठराव्या शतकात या धंद्यात उतरले आणि अजून आहेत. इंग्लंडने 1745 मध्ये काचेवर वजनानुसार कर बसवला, तो 1845 पर्यंत टिकला. झुंबर वजनावर तोलायची सवय म्हणजे आजची नाही.

हिंदुस्थानसाठीच्या मालात एक फरक होता, तो मला फार आवडतो. इथे दिवाणखान्यात छताचा पंखा दोरीने ओढला जायचा. त्या वाऱ्यात उघडी मेणबत्ती कशी टिकणार? म्हणून इकडे येणाऱ्या झुंबरांच्या प्रत्येक मेणबत्तीवर काचेची हंडी असायची. आपण जोडीने 'हंड्या-झुंबरं' म्हणतो ते उगाच नाही. जुन्या औरंगाबादेतली उर्दू बोलणारी मंडळी 'झाड-फानूस' म्हणतात. तेही अचूकच आहे, फांद्या फुटलेलं झाडच ते. आणि लोंबणारे काचेचे तुकडे ते लोलक. शाळेच्या विज्ञानात उन्हाचे सात रंग पाडणारा लोलक शिकवतात तेव्हा वाड्यात वाढलेल्या पोरांना त्याचं काही विशेष वाटत नसे. झुंबराचा एखादा लोलक पळवून त्यांनी ते केव्हाच करून पाहिलेलं असायचं.

इतकी नाजूक वस्तू इथवर आली कशी? मुंबई-मद्रास मार्गावरचं वाडी स्टेशन ते सिकंदराबाद हा रेल्वेचा फाटा 1874 मध्ये झाला आणि हैदराबाद मुंबईशी जोडलं गेलं. मराठवाड्यातून जाणारा हैदराबाद-मनमाड मार्ग त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी, 1900 च्या सुमारास सुरू झाला. तोवर शेवटचा टप्पा बैलगाडीचा. गवतात गुंडाळलेले लोलक, लाकडी खोकी आणि काळ्या मातीतले चाकोरीचे रस्ते. किती माल धड पोचत असेल याचा विचार मी अजूनही पार्सल उघडताना करतो.

पण खरी अडचण पोचल्यावर सुरू व्हायची, आणि ती छताची होती. मराठवाड्यातली जुनी घरं माळवदाची. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कडीपाट, म्हणजे आडव्या कड्या नि फळ्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यात माती पाणी पिते आणि छत आणखी जड होतं. त्यामुळे झुंबराची कडी फळीत नाही, थेट तुळईत, शक्य तर खांबाजवळ ठोकायची ही सुताराची शहाणीव होती. मोठ्या माणसांनाही हीच काळजी असायची. 1874 मध्ये बांधून झालेल्या ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंद्यांनी साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं लावली. त्याआधी छत तपासायला वर हत्ती चढवले होते असं सांगतात. गोष्ट रंगवलेली असेल, पण क्रम बरोबर आहे: आधी छत, मग काच. माळवदाचं ओझं काय करतं हे आम्हाला पुढे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दिसलं. त्यानंतर कित्येक वर्षं लातूर-धाराशिवकडे डोक्यावर जड काही टांगायची नुसती कल्पना कुणाला सोसत नव्हती. आजही तिकडच्या घरात काम असलं की घरातली आजी एकदा तरी विचारते, "पडणार नाही ना रे बाबा?" मालकाच्या 'इम्पोर्टेड'पेक्षा हा प्रश्न मला जास्त शहाणा वाटतो.

संस्थान विलीन झालं, 1949 मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या आणि झुंबरांचे दिवस फिरले. उत्पन्न आटलं, वाटण्या झाल्या, दिवाणखान्याच्या मधून भिंती उठल्या. झुंबर वाटून घेता येत नाही. मग एक तर ते मुंबईच्या चोर बाजाराच्या वाटेला लागायचं, नाही तर खोक्यात घालून माडीवर पडायचं. माझ्याकडे दुरुस्तीला येतात ती अशीच माडीवरून उतरलेली. निम्मे लोलक गेलेले, पितळेच्या तारा हिरव्या पडलेल्या.

मधली तीसेक वर्षं ट्यूबलाइटची, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. 1985 मध्ये संभाजीनगरजवळ वाळूजला बजाजचा कारखाना आला, पाठोपाठ इतर उद्योग आले, पाहुण्यांसाठी हॉटेलं झाली. जालन्यात स्टील आणि बियाण्यांचा पैसा बंगल्यांत दिसू लागला. मग लग्नं मांडवातून मंगल कार्यालयात आणि तिथून लॉनवर गेली. झुंबर पुन्हा आलं ते असं, आणि या वेळी जहागीरदाराकडे नव्हे, हॉलमालकाकडे.

खरेदीच्या वाटा मात्र जुन्याच राहिल्या. संभाजीनगर-जालन्याची माणसं मुंबईला लोहार चाळीत जातात. नांदेड-परभणीची अजूनही हैदराबादच्या ट्रूप बाजारात. संस्थान गेलं, वळण राहिलं. तिथे मिळणारा देशी माल बहुधा उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादचा. विदेशी म्हणून जो दाखवतात तो बहुतेक चीनमधल्या झोंगशानच्या गुझेनचा. दिव्यांच्या धंद्यावर जगणारं ते गावच आहे. 2018 च्या अर्थसंकल्पात दिव्यांवरचं आयात शुल्क 10 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर गेलं. तेव्हापासून सांगाडा इथे आणि काच तिकडची असा मिश्र मालही बराच दिसतो. तो वाईट नसतो. विकणारा 'के-9 क्रिस्टल' म्हणतो ते म्हणजे चष्म्या-कॅमेऱ्याच्या जातीची, बिनशिशाची चांगली स्वच्छ काच. युरोपच्या नियमात लेड क्रिस्टल म्हणवून घ्यायला निदान 24 टक्के शिशाचं ऑक्साइड लागतं. दोन्ही चालतात, फक्त एकाच्या नावाने दुसऱ्याचं बिल नको. त्याखाली ॲक्रिलिक, म्हणजे प्लास्टिक, आहेच. हातात घेतलं की कळतं, काच गार लागते.

माझी स्वतःची ठेच जालन्याची. एका मंगल कार्यालयासाठी साडेसहा फुटी झुंबर मागवलं. खोकी उघडली तर पिशव्यांवर आकडे, आत चिनी नकाशा, आणि वरच्या कड्यातले अकरा लोलक फुटलेले. पुरवठादाराला फोन लावला. तो म्हणाला, तो साचा आता बंद झाला. लग्न चार दिवसांवर. शेवटी मागच्या बाजूचे अकरा काढून पुढे लावले आणि उघडी बाजू स्टेजकडे फिरवली. फोटो काढणाऱ्याला ते पहिल्याच मिनिटाला दिसलं. शेठजी काही बोलले नाहीत, पण पुढच्या कामाला त्यांनी मला बोलावलं नाही. तेव्हापासून ऑर्डरमध्येच दहा टक्के जादा लोलक लिहून घेतो, आणि मोठ्या हॉलसाठी झुंबर खाली आणणारी मोटर. आमच्याकडे खळ्याच्या दिवसांत धूळ इतकी की शिडी लावून दरमहा कोण पुसणार?

आणि छत. नव्या बांधकामात स्लॅब ओतायच्या आधीच झुंबराची जागा आणि वजन विचारून घेतो, म्हणजे हूक सळईला बांधता येतो. पीओपीला काहीच लटकवायचं नसतं. ते पडदा आहे, छत नव्हे.

गेल्या हिवाळ्यात पैठणकडच्या एका वाड्यात जुनं झुंबर परत लावायला बोलावलं होतं. काच पाहायच्या आधी मी शिडीवर चढून तुळईतली कडी हलवून पाहिली. तसूभर हलली नाही. मधल्या सत्तर वर्षांत तिला आधी पाळणा, मग कांद्याची शिंकाळी आणि शेवटी पंखा टांगला होता.