मुख्य शैक्षणिक अधिकारी: उच्च शिक्षणातलं पद आणि त्याच्यापुढच्या अडचणी (कोल्हापूर)

विद्यापीठात किंवा कॉलेजात शिकवणं, अभ्यासक्रम, प्राध्यापक, परीक्षा, संशोधन ह्या सगळ्याची जबाबदारी ज्याच्यावर असते तो मुख्य शैक्षणिक अधिकारी. आपल्याकडे ह्या नावाची पाटी सहसा कुठल्या केबिनवर दिसत नाही. विद्यापीठात हे काम प्र-कुलगुरू आणि अधिष्ठाता म्हणजे डीन ह्यांच्यात वाटलेलं असतं, साध्या कॉलेजात प्राचार्य आणि उपप्राचार्य करतात, आणि स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजात डीन अकॅडेमिक्स म्हणून वेगळा माणूस असतो. अमेरिकेत ह्याला प्रोव्होस्ट म्हणतात. तिथे प्रेसिडेंट देणग्या, सरकार, माजी विद्यार्थी असं बाहेरचं बघतो आणि प्रोव्होस्ट आतलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तर १९३० पर्यंत प्रोव्होस्ट हाच सगळ्यात वरचा होता. अमेरिकेतल्या प्रोव्होस्टच्या हातात विभागांचं बजेट आणि नेमणुका बऱ्यापैकी असतात, आपल्या प्राचार्याच्या आणि डीनच्या हातात त्या नसतात, आणि माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

कोल्हापुरातली परंपरा

राजाराम कॉलेज १८८० साली सुरू झालं. गोपाळ कृष्ण गोखले तिथले विद्यार्थी. १९१९ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कॉलेजचा कारभार आर्य समाजाकडे दिला आणि पुढे डॉ. बाळकृष्ण प्राचार्य झाले. ते इतिहासाचे अभ्यासक, शिवाजी महाराजांवर इंग्रजीत मोठं लिखाण केलेले, आणि कोल्हापूरला स्वतःचं विद्यापीठ पाहिजे हा विचार त्यांनी तेव्हाच मांडलेला. नंतर ज्ञानपीठ मिळालेले कन्नड कवी वि. कृ. गोकाक सुद्धा इथे प्राचार्य होते. सांगायचा मुद्दा हा की त्या काळी प्राचार्य म्हणजे आधी विद्वान, वर्गावर जाणारा, लिहिणारा माणूस, आणि कारभार त्याच्या जोडीला. आजच्या प्राचार्याचा दिवस बघितला तर हे बरोबर उलटं झालंय.

शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ ला सुरू झालं, पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार, सागरमाळावरची ८५३ एकर जागा. २००४ साली सोलापूरचं वेगळं विद्यापीठ झालं, तेव्हापासून कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे राहिले. आता त्यातही स्वायत्त कॉलेजं वाढली, साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं, अतिग्रे, तळसंदे इकडे खाजगी विद्यापीठं आली. म्हणजे इथल्या प्र-कुलगुरूला किंवा डीनला एकाच वेळी शंभर वर्षं जुनं कॉलेजही बघायचंय आणि चंदगड, गगनबावड्याकडचं कमी पटाचं कॉलेजही बघायचंय, आणि दोघांना एकच परिपत्रक जातं.

कायद्यातलं स्थान

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याआधी १९९४ च्या कायद्यात डीन निवडून यायचे, त्यात संघटना, पॅनेल, मतांची जुळवाजुळव असं सगळं असायचं. नव्या कायद्यात डीन मुलाखतीतून नेमला जातो आणि पूर्णवेळ असतो. आधीच्या बऱ्याच विद्याशाखा एकत्र करून चारच केल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या, आणि आंतरविद्याशाखीय. ऐकायला सुटसुटीत आहे, पण विज्ञान तंत्रज्ञानाच्या डीनला वनस्पतीशास्त्र, फार्मसी आणि सिव्हिल इंजिनिअरिंग तिन्हींचे प्रश्न एकाच टेबलवर येतात, आणि कुठलाही माणूस ह्यातल्या एकाच विषयात मुरलेला असतो, बाकीच्यात त्याला अभ्यास मंडळाच्या अध्यक्षावर विसंबावं लागतं.

प्र-कुलगुरूची मुदत कुलगुरूंच्या मुदतीला बांधलेली. कुलगुरूंची पाच वर्षं संपली की प्र-कुलगुरूही जातो. नवा येईपर्यंत प्रभारी, आणि प्रभारी माणूस मोठा निर्णय घेत नाही, घ्यावा तरी कसा, उद्या कोण येईल आणि काय फिरवेल माहीत नसतं. कॉलेजातही तेच, यूजीसीच्या म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमानुसार प्राचार्याची नेमणूक पाच वर्षांची, कामगिरी बघून अजून एकदा पाच. अभ्यासक्रम बदलून त्यातून पदवीची पहिली बॅच बाहेर पडायलाच तीन-चार वर्षं जातात.

पैसा आणि पदं कुणाकडे तर अनुदानित कॉलेजात पगार शासनाचा, मंजुरी उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाची, नेमणूक संस्थेची, मान्यता विद्यापीठाची. ह्या चौघांत प्राचार्य कुठंय? पत्रव्यवहार करणारा म्हणून. आणि वर्गात शिक्षक नाही म्हणून पोरं येतात ती प्राचार्याच्याच केबिनमध्ये, सहसंचालकांच्या दारात कोण जात नाही.

रिकामी पदं आणि सीएचबी

ही सगळ्यात मोठी अडचण. शासनाने २०२१ मध्ये २०८८ सहायक प्राध्यापक पदांना मंजुरी दिली होती, पण निवृत्ती दरवर्षी चालूच असते आणि भरती थांबत थांबत होते, त्यामुळे खड्डा भरत नाही. पद भरायचं तर आधी वर्कलोड म्हणजे शिकवण्याच्या तासांचा हिशोब काढा, बिंदुनामावली म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गासाठी राखीव त्याचा तक्ता तपासून घ्या, एनओसी आणा, जाहिरात, मग निवड समिती. बिंदुनामावलीला इथे काही लोक नावं ठेवतात ते मला अजिबात पटत नाही. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी ह्याच करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या, त्या गावात तरी असं बोलू नये. अडचण आरक्षणाची नाहीच, फाईल टेबलावर महिनोन्महिने पडते ती आहे.

तोवर वर्ग चालवतात सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. नेट-सेट ह्या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा झालेले, पीएचडी झालेले, तासाप्रमाणे मानधन, सुट्टीत काही नाही, आणि जे मिळायचं ते सुद्धा कधीकधी सहा-सहा महिन्यांनी. मी स्वतः एका कॉलेजात तीन वर्षं सीएचबी केलंय. आमच्या विभागात पाच माणसं होती, कायम एकच सर, आणि त्या सरांकडे विभागप्रमुख, परीक्षा, नॅकची म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची फाईल, एनएसएस सगळं. प्राचार्य सर आम्हाला कधी जादा काम सांगायचे तर सांगताना खाली बघायचे. त्यांनाही कळत होतं. ज्याला आपण नीट पगार देऊ शकत नाही त्याच्याकडून संशोधन, पोरांचं मेंटॉरिंग, रविवारचं शिबिर मागायचं कुठल्या तोंडानं? नेतृत्वाच्या ट्रेनिंगमध्ये टीम कशी बांधायची ते सांगतात, पण जी टीम मार्चमध्ये सुटते आणि नवीन वर्ष सुरू होऊन दोन महिने झाले तरी पुन्हा ऑर्डर मिळेल का नाही ह्याची वाट बघते तिला बांधायची कशी हे कुणी सांगत नाही.

नवीन शैक्षणिक धोरण आणि वर्कलोडचं गणित

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जुलै २०२० मध्ये आलं. महाराष्ट्रात २०२३-२४ ला पदव्युत्तर आणि स्वायत्त कॉलेजांत, २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांच्या पदवीला. सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट, पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतला आवडीचा विषय, कौशल्याचे कोर्स, भारतीय ज्ञान प्रणाली, ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट असं बरंच काही.

कल्पना म्हणून मला हे आवडतं. फिजिक्सच्या पोराला संगीत घेता यावं, का नको? पण उपप्राचार्य टाइमटेबल करायला बसतात तेव्हा खरं दुखणं कळतं. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास, असोसिएट आणि प्रोफेसरला १४ तास शिकवण्याचा भार धरलाय, आणि पद टिकतं ते ह्या तासांवर. आता पोरांनी मायनर म्हणून अर्थशास्त्र, मानसशास्त्र घेतलं आणि तत्त्वज्ञानाला किंवा हिंदीला चारच आली तर त्या विभागाचे तास पडतात, तास पडले की पद अतिरिक्त ठरायची भीती, मग तो शिक्षक प्राचार्य बाईंच्या केबिनमध्ये येऊन बसतो, बाई वीस वर्षं झाली मला इथे, आता काय करू. मग ओपन इलेक्टिव्हची यादीच अशी बनते की कुणाचे तास पडणार नाहीत, आणि पोराला फॉर्मवर जे दिसतं त्यात त्याची आवड नसते, स्टाफरूमची सोय असते. हे चूक आहे, पण त्या प्राचार्य बाईंच्या खुर्चीत बसून बघितलं तर माणसाचं पोट आणि पोराची निवड ह्यातलं एक निवडायला लागतं, आणि त्यांना दोन्ही वाचवायचं असतं. शासनाने निदान पाच वर्षं तरी आहे ती पदं गोठवून सुरक्षित ठेवली असती तर ह्या धोरणाला शिक्षकांचा एवढा विरोध झाला नसता असं माझं ठाम मत आहे.

ऑन जॉब ट्रेनिंगचंही असंच. कोल्हापूर शहराजवळ शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसी आहे, फौंड्री आहेत, इचलकरंजीला यंत्रमाग, हुपरीला चांदी, त्यामुळे इथल्या पोरांना कुठेतरी लावता येतं. राधानगरी किंवा आजऱ्याच्या कॉलेजात बीएच्या शंभर पोरांना जॉब ट्रेनिंग कुठं द्यायचं? तिथले प्राचार्य सोसायटी, दूध संस्था, ग्रामपंचायत, साखर कारखाना असं दारोदार फिरून जमवतात, आणि ज्यांनी मनापासून जमवलंय त्यांचं काम खरंच चांगलं झालंय. गावच्या दूध संस्थेचा हिशोब लिहून आलेली पोरगी त्यातून जे शिकते ते नोट्समधून येत नाही.

नॅक आणि कागद

नॅक १९९४ साली स्थापन झालं. सात निकष, दरवर्षी एक्यूएआर म्हणजे गुणवत्तेचा वार्षिक अहवाल, पाच वर्षांनी मोठा अहवाल. शिवाजी विद्यापीठाला २०२१ मध्ये ए प्लस प्लस ही सगळ्यात वरची श्रेणी मिळाली. नॅकमुळे लायब्ररी, लॅब, टॉयलेट, माजी विद्यार्थी संघ ह्या गोष्टींकडे बघायची सवय लागली हे मान्य केलंच पाहिजे. पण कार्यक्रम झाला की आधी फोटो, जिओटॅग, अहवाल, सह्या, आणि मग आठवतं की पोरांना काय मिळालं ते विचारायचं राहिलं. चांगला शैक्षणिक प्रमुख इथे एकच करतो, एक समन्वयक आणि एक क्लार्क कागदाला लावतो आणि बाकीच्या स्टाफला वर्गात ठेवतो. दुबळा प्रमुख सगळ्या कॉलेजलाच फाईल करायला बसवतो.

कालचा सहकारी, आजचा साहेब

प्र-कुलगुरू, डीन, उपप्राचार्य हे आतूनच आलेले असतात. काल ज्यांच्याबरोबर कॅन्टीनला चहा प्यायला आज त्यांच्या रजा, सीएएसच्या म्हणजे बढतीच्या फाईली, मस्टरवरच्या उशिराच्या सह्या बघायच्या. मुदत संपली की पुन्हा त्याच स्टाफरूममध्ये त्याच लोकांत जायचंय. म्हणून कडक वागायला माणूस कचरतो. संघटनाही जाग्या आहेत, आणि त्या असायलाच पाहिजेत. २०१३ मध्ये राज्यभर प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता तेव्हा प्राचार्य मधल्यामध्ये अडकलेले, मागण्या पटत होत्या आणि पेपरही घ्यायचे होते.

वरून संस्था. रयत, स्वामी विवेकानंद अशा मोठ्या संस्थांत प्राचार्यांच्या बदल्या होतात, छोट्या संस्थेत एकाच घराचा शब्द चालतो. ॲडमिशनसाठी, नेमणुकीसाठी फोन येतो. नाही म्हणायचं पण माणूस तुटू द्यायचा नाही, हे कौशल्य कुठल्या मुलाखतीत तपासत नाहीत. यूजीसी प्राचार्यपदासाठी पीएचडी, १५ वर्षांचा अनुभव, १० शोधनिबंध आणि ११० रिसर्च स्कोअर मागते, भांडण मिटवता येतं का हे कुणी विचारत नाही.

पाऊस, महापूर आणि परीक्षा

हे खास आपल्याकडचं. कायद्याने निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचा असतो. पण जुलै-ऑगस्टमध्ये इथला परीक्षा विभाग पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघून काम करतो, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ऑगस्ट २०१९ ला आणि जुलै २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०१९ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता. शिरोळच्या पोरांची पुस्तकं, मार्कशीट सगळं गेलेलं. पेपर पुढे ढकलायचा तर तिन्ही जिल्ह्यांचा, साताऱ्याच्या कोरड्या भागातली पोरं म्हणणार आमचं काय चुकलं. त्यात २०२० चं कोरोनाचं वर्ष मध्ये आलं, अंतिम वर्षाची परीक्षा घ्यायलाच लागेल असं सुप्रीम कोर्टाने २८ ऑगस्ट २०२० ला सांगितलं आणि मग घाईने ऑनलाइन परीक्षा उभ्या केल्या, रेंजसाठी पोरं डोंगरावर जाऊन बसली.

पुराच्या त्या दिवसांत कुठल्या प्रमुखाचं किती वजन आहे ते दिसलं. अधिकार सगळ्यांचे सारखेच होते. काहींनी परिपत्रक निघायची वाट बघितली. काहींनी आदल्या रात्रीच शिक्षकांना गावं वाटून दिली, कुणाच्या घरात पाणी शिरलंय त्याची यादी सकाळपर्यंत तयार केली, कॉलेजच्या हॉलमध्ये माणसांची सोय केली आणि परीक्षेचं नंतर बघू म्हणाले. पाणी उतरल्यावर त्या पोरांसाठी फेरपरीक्षा मागायला विद्यापीठात गेले तेव्हा यादी हातात होती.