दिवा लावून लपणारा शार्क

पावसाळा लागला की एक फोटो मोबाइलवर फिरतो. दाजीपूरच्या जंगलातली कुजकी फांदी, तिच्यावर हिरवा झगझगीत उजेड, आणि खाली ताकीद: ‘चकवा आहे, रात्री जाऊ नका.’ चकवाबिकवा काही नाही, सह्याद्रीत उगवणाऱ्या मायसेना अळंबीची ती बुरशी. फोटोतला झगझगाटही कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवल्यामुळे आलेला. मी गगनबावड्याकडे पाहिली, तेव्हा बॅटरी विझवून दहा मिनिटं गप्प बसल्यावर कुठे ओल्या सालीवर फिकट हिरवी रेघ दिसली. बोट लावलं तर साल गारच.

जळत काहीच नसतं. ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा ल्युसिफरेज या विकरामुळे ऑक्सिजनशी संयोग होतो आणि सुटलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. बुरशीचं ल्युसिफेरिन म्हणजे ३-हायड्रॉक्सिहिस्पिडिन. कॅफिक आम्लापासून हिस्पिडिन बनतं आणि त्याला एक हायड्रॉक्सिल गट जोडला की हे तयार. ब्राझीलमध्ये हिरवे एलईडी बसवलेल्या नकली अळंब्या रात्री जंगलात ठेवल्या, तर त्यांच्यावर बिनदिव्याच्या अळंब्यांपेक्षा जास्त कीटक चिकटले. हे २०१५ सालचं संशोधन. कीटक आले की बीजाणू पसरतात.

काइटफिन शार्क मात्र दिवा लावतो तो दिसू नये म्हणून! जवळजवळ सहा फुटांचा हा मासा चमकतो, हे न्यूझीलंडजवळ पकडलेल्या नमुन्यांवरून २०२१ मध्ये जाहीर झालं. चमकणाऱ्या पृष्ठवंशीयांत एवढा मोठा दुसरा माहीत नाही.

पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हे चटकन कळेल. बुडी मारून वर बघा: आभाळ उजळ, आणि वर तरंगणारा काका नुसता काळा ठिपका. समुद्रात शेकडो मीटर खालीही वरून अंधूक निळा उजेड झिरपतो, आणि खालून बघणाऱ्याला शार्कची अशीच काळी आकृती दिसली असती. पण त्याच्या पोटावर हजारो बारीक प्रकाशपेशी आहेत. त्यांचा निळसर उजेड वरच्या उजेडात मिसळतो आणि आकृती पुसली जाते.

या दिव्यांचं बटण मज्जातंतूंकडे नाही, संप्रेरकांकडे आहे. प्रयोगशाळेत शार्कच्या कातडीच्या तुकड्यावर मेलाटोनिन टाकलं की उजेड हळूहळू चढत जातो. अल्फा-एमएसएच हे दुसरं संप्रेरक टाकलं की दबतो. मेलाटोनिन म्हणजे तेच, जे रात्र झाली की आपल्या मेंदूतून पाझरतं आणि आपल्याला पेंग आणतं.